अल्बम मोठा, की सोळावं वर्ष?

प्रश्न : मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. १९८८ साली सोळा वर्षांचा असताना बोर्डीला शिकायला होतो. वडील तिथे एका इराणी शेठच्या चिकूवाडीत कामाला होते. शेठचा नातू मुंबईला कॉलेजात होता. सुट्टीत आला की तो टेपरेकॉर्डर वाडीत आणून झाडाखाली लावायचा. त्याने मला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ‘क्वीन’ या बँडचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा अल्बम भरून दिला. इंग्रजी तेव्हा फारसं कळत नव्हतं, तरी ती कॅसेट मी दोन वर्षं जवळजवळ रोज ऐकली. परवा मुलीने तोच अल्बम मोबाइलवर लावला आणि पहिल्याच सुरांना माझ्या अंगावर काटा आला. ती म्हणाली, “बाबा, गाणी मलाही आवडली. पण तुम्हाला एवढी आवडतात ती तुमच्या लहानपणची म्हणून.” तेव्हापासून डोक्यात घोळतंय. अल्बम खरंच एवढा मोठा आहे, की माझं ते वय मोठं होतं?

ता. क. मूळ कॅसेट अजून घरात आहे. रिळावर पांढरे ठिपके पडलेत. तिच्या दुसऱ्या बाजूला त्याच सुमारास आमच्या पाड्यावर वाजलेला तारपा (आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) भरला होता. कॅसेट ठेवावी की टाकावी?

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र आलं त्या रात्री मी तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, मध्ये न उठता. ४३ मिनिटं लागली. म्हणजे तुमच्या नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूला तो अख्खा बसला असणार आणि शेवटी दोनेक मिनिटं नुसती खरखर उरली असणार. हे मुद्दाम सांगतोय. मूळ तबकडीवर सात गाण्यांनंतर उठून ती उलटावी लागे आणि मगच ‘द प्रॉफेट्स साँग’ सुरू होई. तुम्ही तो थांबा कधी अनुभवलाच नाही. ‘सीसाइड राँदेव्हू’च्या हसऱ्या शेवटातून तुम्ही थेट त्या काळोख्या गाण्यात जात होतात. तुमचा अल्बम तबकडीवाल्यांच्या अल्बमपेक्षा थोडा वेगळा आहे आणि तो तुमच्या कानांत त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतराने बसला आहे.

मुलीचं म्हणणं आधी घेऊ, कारण तिच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त निघतात. आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. संगीताच्या आवडीचंही तसंच. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. माणूस सरासरी साडेतेवीस वर्षांचा असताना जी गाणी नवी होती, ती त्याला सर्वांत जास्त आवडली. त्या वयात आपण घराबाहेर पडतो, मित्र जोडतो, पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीने काही निवडतो. त्या वेळी कानावर पडलेलं गाणं या सगळ्या घडामोडींना चिकटून राहतं.

आता अंगावरचा काटा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की आवडत्या संगीताचा परमोच्च क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं. मात्र तो क्षण येण्याच्या आधी, नुसत्या चाहुलीनेसुद्धा ते स्रवतं, आणि मेंदूच्या वेगळ्या भागात. जॉर्जटाऊन विद्यापीठातला २००९चा प्रयोग तर तुमच्या कॅसेटलाच लागू पडतो. विद्यार्थ्यांना त्यांच्या रोजच्या ऐकण्यातल्या सीडी लावून दिल्या आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्यांचा मेंदू तपासला. त्या शांततेतच पुढच्या गाण्याची तयारी चाललेली दिसली. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. तारपकरी चाल बदलतो तेव्हा नाचणाऱ्यांची पावलं कशी बदलतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा शंभर पटींनी जाणता. नुसतं ऐकून पाऊल टाकणारा मागे पडतो. ज्याला चाल येणार हे आतून कळतं, त्याचंच पाऊल ठेक्यावर पडतं.

इथवर मुलगी बरोबर. पण तिच्या एका वाक्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. “गाणी मलाही आवडली,” असं ती म्हणाली. ती बोर्डीच्या वाडीत बसली नव्हती, झाडाखालचा तो टेपरेकॉर्डर तिने पाहिला नव्हता. मग तिला का आवडली? अर्थात यालाही एक उत्तर आहे. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली विशीतल्या मुलांना पन्नास-पंचावन्न वर्षांची लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा त्या मुलांच्या आई-वडिलांच्या तरुणपणची गाणी अनपेक्षितपणे वर आली. घरात वाजणारं गाणं वारशाने मुलांकडे जातं. म्हणजे तिची साक्षही पूर्ण निःपक्ष धरता येत नाही.

तेव्हा कसोटी दुसरी लावावी लागते. माझी कसोटी अशी : सोळाव्या वर्षी जे ऐकूच आलं नव्हतं, ते आज ऐकू येतं का? नुसती आठवण तेच ते परत देते, आणि दर खेपेला थोडं फिकट. चांगली कलाकृती अजून देणं लागत असते.

या कसोटीवर हा अल्बम उतरतो, आणि चांगलाच उतरतो. तुमच्या भरून घेतलेल्या कॅसेटला वेष्टन नव्हतं, म्हणून तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. मूळ वेष्टनावर छापलं होतं, की यात कुठेही सिंथेसायझर नाही. ते डोक्यात ठेवून ‘गुड कंपनी’ पुन्हा ऐका. त्यात एक जुन्या वळणाचा जॅझ बँड वाजतो. पितळी वाद्यं, क्लॅरिनेट, सगळा ताफा. त्यातलं एकही वाद्य खरं नाही. ‘क्वीन’चे गिटारवादक ब्रायन मे यांनी तो अख्खा बँड आपल्या गिटारवर, एकेक सूर जोडत उभा केला. ती गिटार त्यांनी शाळकरी वयात वडिलांबरोबर घरीच बनवली होती. तिच्या दांड्याचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं आणि स्प्रिंगा मोटरसायकलच्या. ती ते सहा पेनीच्या नाण्याने छेडतात.

‘द प्रॉफेट्स साँग’च्या मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि एकच गळा स्वतःच्याच पडसादाशी गाऊ लागतो. पडसाद टेपवरून उशिराने परत येतो, गायक त्याच्यावर नवा सूर चढवतो, आणि बघता बघता एका माणसाचा मेळा होतो. सोळाव्या वर्षी हा भाग मुलं पुढे ढकलतात. मीही ढकलायचो. आता मला अख्ख्या अल्बममध्ये तो सर्वांत धाडसी वाटतो.

आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं, त्यात एकही ओळ धृपदासारखी परत येत नाही. मधल्या ऑपेराच्या भागात गर्दी वाटते, पण गळे तिघांचेच आहेत : फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. आवाजावर आवाज इतक्या वेळा चढवले, की टेपवरचा मुलामा झिजून तिच्यातून उजेड आरपार दिसू लागला. तुम्हाला इंग्रजी कळत नव्हतं याची तुम्हाला अजून थोडी खंत दिसते. ती ठेवू नका. त्या भागात इंग्रजी येणाऱ्यालाही शब्दांच्या अर्थाने फारसं हाती लागत नाही, आवाजांची चढाओढच ऐकायची असते. तुम्ही पहिल्या दिवसापासून ती बरोबर ऐकत होतात.

सगळाच अल्बम सारख्या तोलाचा आहे असं मी म्हणणार नाही. ‘स्वीट लेडी’ मला तेव्हाही भरताड वाटलं आणि आजही वाटतं. गाडीच्या प्रेमाचं टेलर यांचं गाणं सोळाव्या वर्षीच शोभतं. पण बारा तुकड्यांत भरताड एवढंच असणं, हे मोठ्या अल्बमचंच लक्षण आहे.

एक गाणं मात्र मी तुम्हाला मुद्दाम आज ऐकायला सांगेन : ‘३९’. ऐकायला ते साधं, गिटारवरचं, लोकगीताच्या वळणाचं आहे. गोष्ट अशी, की काही माणसं नव्या भूमीच्या शोधात अंतराळात जातात. त्यांच्या हिशेबाने वर्षच लोटतं, पण परत येऊन पाहतात तर पृथ्वीवर शंभर वर्षं गेलेली आणि ओळखीचं कुणी उरलेलं नाही. आइनस्टाइनच्या सापेक्षतेचं गणित आणि घराची ओढ एकाच गाण्यात आहे. ते लिहिणारे मे तेव्हा खगोलशास्त्राचा प्रबंध अर्धवट टाकून गिटार वाजवत होते. २००७ साली, साठाव्या वर्षी, त्यांनी तो लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात पुरा केला आणि डॉक्टरेट मिळवली. आता तुम्ही चोपन्नचे आहात. या गाण्यातलं परत येणं तुम्हाला १९८८ साली कळणं शक्यच नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या तालुक्याच्या वेशीवरून सुरू होते. तलासरीच्या शेजारचं संजाण हे पारशांचं पहिलं ठाणं. तिथला अग्नी संकटकाळी बारा वर्षं डहाणू तालुक्यातल्या बाहरोटच्या गुहांत जपून ठेवला होता, ही परंपरा तुम्हाला ठाऊक असेलच. तो अग्नी पुढे उदवाड्याला स्थिरावला. उदवाड्याच्याही पुढे, डहाणू रोडहून सुमारे सत्तर किलोमीटरवर वलसाड लागतं, म्हणजे जुनं बुलसार. त्या गावावरून आडनाव घेतलेलं एक पारशी कुटुंब नोकरीसाठी झांझिबारला गेलं. तिथे १९४६ साली त्यांना मुलगा झाला, फारुख बुलसारा. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथे त्याचा फ्रेडी झाला, पुढचा फ्रेडी मर्क्युरी, आणि तिथल्याच चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. १९९१ साली लंडनमध्ये त्याचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. चिकूच्या झाडाखाली तुम्हाला परक्या मुलखातला वाटलेला तो आवाज सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्याच महाराष्ट्रात, पियानोच्या साथीने घडला होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : वय मोठं होतं म्हणून तो अल्बम तुमच्या आत शिरला. अल्बम मोठा होता म्हणून अजून टिकला. त्याच दोन वर्षांत तुम्ही आणखी डझनभर कॅसेटी ऐकल्या असतील. त्यातल्या किती आज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवतात, ते एकदा मोजून पाहा आणि मुलीला सांगा.

आता ताजा कलम. माझ्या मते पत्रातला महत्त्वाचा भाग तोच आहे.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. समुद्रकाठच्या दमट हवेत ती धरतेच. कॅसेट टाकू नका, आणि आत्ता लावूनही बघू नका. लावली की बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि तिथून दुसऱ्या कॅसेटींना. हवाबंद डब्यात औषधांच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ती आठ-दहा दिवस ठेवा. उन्हात वाळवू नका. मग मऊ, धागे न सुटणाऱ्या सुती कापडाच्या हलक्या चिमटीतून फीत हळूहळू हाताने फिरवून पुसून घ्या. नव्वदची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ असते, ओढाताण तिला सोसत नाही. आवरण स्क्रूचं असेल तर उघडून रीळ दुसऱ्या चांगल्या आवरणात घालता येतं. वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जाणार नाही. लावण्याआधी आणि नंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून तार संगणकाला जोडली, की आवाज उतरवून घेता येतो. कुठे कुठे मोठा आवाज येण्याआधी त्याचाच पुसट आवाज ऐकू आला तर दचकू नका. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहिलेल्या वेढ्यांचा ठसा एकावरून दुसऱ्यावर उमटतो.

फीत कदाचित एकदाच नीट वाजेल. म्हणून आधी तारप्याची बाजू लावा. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ जगात कुठेही मिळतो. वारली चित्रातला तारपा गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे देशोदेशी पोचला, पण तुमच्या पाड्यावर तेव्हा वाजलेला तारपा फक्त तुमच्या घरातल्या त्या फितीवर आहे. उतरवून झाला की पाड्यावरच्या जुन्या माणसांना बसवून ऐकवा. वाजवणारा कोण, चाल कुठली, वेळ कुठली, हे ते सांगतील तसं वहीत लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवा. मुलीला सोबत घ्या, संगणकाचं काम तिला जमेल.