प्रसूतीआधी दवाखाना पाहून येणे
(आरोग्य कार्यकर्त्या भगिनींसाठी अभ्यासपाठ)

मेळघाटातल्या एखाद्या ढाण्यावर गरोदर बाईला विचारा, "बाळंतपणाला दवाखान्यात जाशील ना?" ती मान हलवते. सासूही "हो हो" म्हणते. आपण वहीत टिक करतो आणि पुढच्या घरी जातो. आणि मग एका रात्री कळा सुरू होतात, सुईण येते, आणि बाई घरीच बाळंत होते. विचारायला गेलो तर उत्तर मिळते, "वेळच नाही मिळाला ताई." वेळ खरोखर मिळाला नाही असे काही वेळा घडते. पण बऱ्याचदा वेळ होता, गाडीही आली असती, फक्त जायचे मन होत नव्हते. जी जागा कधी पाहिली नाही, जिथली भाषा समजत नाही, जिथून शेजारची एखादी बाई परत आलीच नाही असे ऐकले आहे, तिथे मध्यरात्री कळा सोसत कोण जाईल? भीतीला आपण अडाणीपणा म्हणतो. तो अडाणीपणा नाही. अनोळखी जागेबद्दलची ती साधी, शहाणी सावधगिरी आहे.

माता दगावण्यामागे तीन उशीर असतात, अशी मांडणी थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली केली. आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात ती आजही शिकवतात. पहिला उशीर घरात निर्णय घ्यायला, दुसरा दवाखान्यापर्यंत पोहोचायला, तिसरा पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला. रस्ता आणि रुग्णवाहिका यांच्यामुळे दुसरा उशीर कमी होतो. पहिला मात्र माणसांच्या मनात असतो आणि तिथे भाषणाचा फारसा उपयोग होत नाही. दवाखाना डोळ्यांनी पाहिला, प्रसूतिकक्षाच्या दारात उभे राहून आत डोकावले, एखाद्या सिस्टरचा चेहरा ओळखीचा झाला, की तो उशीर बराच कमी होतो. म्हणून हा पाठ.

केव्हा न्यावे? सातव्या किंवा आठव्या महिन्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तोच दिवस धरला तर एका खेपेत दोन्ही कामे होतात. मात्र त्या दिवशी गर्दी असते, म्हणून सिस्टरशी आधी बोलून तपासणीनंतरची दुपारची वेळ मागून घ्यावी. जिचे आधीचे बाळंतपण ऑपरेशनने झाले आहे, जिला जुळी आहेत, जिचे बाळ आडवे किंवा पायाळू आहे, रक्तदाब वाढलेला आहे, रक्त फार कमी आहे किंवा सिकलसेलचा आजार आहे, तिची प्रसूती कुठे करायची हे डॉक्टर आधीच ठरवतात. अशा बाईला जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र दाखवून उपयोग नाही. जिथे प्रसूती व्हायची तीच जागा दाखवली पाहिजे, मग ते धारणीचे उपजिल्हा रुग्णालय असो की अमरावतीचे स्त्री रुग्णालय. धारणी ते अमरावती घाटातून सुमारे दीडशे किलोमीटर. एवढा प्रवास उगाच करवायचा नाही हे खरे, पण ज्या बाईला तो कळा देताना करावा लागू शकतो, तिने तो एकदा दिवसाउजेडी केलेला बरा.

दिवाळीनंतर कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. ती होळीला परत येतात, पण बाळ होळीची वाट पाहत नाही. तारीख त्या मधल्या महिन्यांत येत असेल, तर निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आहे का ते पाहा आणि ज्या गावी काम आहे तिथला सरकारी दवाखाना पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहून यायला सांगा.

कोणाला न्यावे? नवऱ्याला न्यावेच, पैसे आणि गाडीचा निर्णय त्याचा असतो. पण माझ्या मते खरी पाहुणी सासू आहे. घरात बाळंतपणाचा शब्द तिचा चालतो. गावची सुईणही सोबत आली तर फारच चांगले. तिला वगळून आपण तिला प्रतिस्पर्धी करून ठेवतो. सोबत नेले तर तीच उद्या म्हणेल, "चल पोरी, मी पाहिली आहे ती खोली." भूमकाबाबांनाही एकदा नेता आले तर न्यावे.

भेट घरातून निघतानाच सुरू होते. किती वाजता निघालो, डांबरी रस्त्याला लागायला किती वेळ लागला, फोनची रेंज कुठे येते, हे कार्डाच्या मागे लिहून ठेवा. १०८ ला फोन लावायचा तर कोणत्या टेकाडावर जावे लागेल? पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर गाडी कोणत्या काठापर्यंत येईल? सिपना, गडगा किंवा खापरा चढली की पलीकडची गावे तुटतात. तारीख आषाढ-श्रावणात येत असेल तर आधीच जाऊन राहणे हाच मार्ग. त्यासाठी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघर आहे. प्रसूतीच्या काही दिवस आधी बाई तिथे येऊन राहू शकते. माहेरघरही याच भेटीत दाखवा. चूल आहे का, सोबतच्या लहान मुलाला झोपायला जागा आहे का, रात्री दिवा असतो का, हे बायका स्वतःच पाहतात. आपण नुसते उभे राहावे.

आता दवाखान्यात. केसपेपरची खिडकी, रात्री बंद नसणारे दार, संडास आणि पिण्याचे पाणी हे आधी दाखवा. हे क्षुल्लक वाटते, पण परक्या ठिकाणी बाईची पहिली चिंता हीच असते. मग प्रसूतिकक्ष. आत कोणी बाळंत होत असेल तर जायचे नाही, बाहेर थांबायचे. रिकामा असेल तेव्हा सिस्टरच्या परवानगीने चप्पल काढून आत जावे.

इथे घाई करू नका. बहुतेक भेटी इथेच फसतात. "हे टेबल, हे मशीन, चला पुढे" असे दाखवणे म्हणजे न दाखवणे. टेबल उंच असते आणि त्याला पाय ठेवायच्या कड्या असतात. ज्या बायका घरी उकिडव्या बसून किंवा दोरीला धरून बाळंत झाल्या आहेत, त्यांना ते टेबल पाहूनच धडकी भरते. तिला टेबलावर चढून पाहू द्या. कळांच्या काळात चालता येईल का, कुशीवर झोपता येईल का, पाणी पिता येईल का, हे सिस्टरला तिच्यासमोर विचारा. साधी प्रसूती असेल तर फिरायला आणि पाणी प्यायला सहसा हरकत नसते, आणि हे सिस्टरच्या तोंडून ऐकलेले लक्षात राहते. वर तापणारा दिवा असलेली छोटी खाट बाळाला ऊब देण्यासाठी असते, ते भाजण्याचे यंत्र नाही, हे सांगा. भिंतीवरचे घड्याळ बाळ जन्माची वेळ नोंदवायला आणि रक्तस्राव किती वेळ चालला ते पाहायला आहे. बाळ बाहेर आल्याबरोबर आईला मांडीत एक इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्त कमी जाते. हे आवर्जून समजवा, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे माता दगावण्याचे मोठे कारण आहे आणि तो थांबला नाही तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. घरच्या बाळंतपणात हे इंजेक्शन नसते. सुईणीला हा फरक लगेच कळतो.

सासूचा प्रश्न ठरलेला असतो. "बाई, मला आत राहू देतील का?" केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण, शक्यतो स्वतः बाळंत झालेली जवळची बाई, आत राहू शकते. हे उत्तर आपण न देता सिस्टरकडून मिळवा. त्या दवाखान्यात तशी सोय नसेल तर ती का नाही, हेही नम्रपणे विचारता येते.

दुसरा प्रश्न बायका विचारत नाहीत, पण मनात असतो: वार कुठे जाते? अनेक घरांत वार नीट पुरण्याची रीत आहे, आणि ती कुठेतरी फेकली जाईल या विचाराने जीव कासावीस होतो. दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीत जाते आणि नियमाप्रमाणे तिची विल्हेवाट लावतात. घरच्यांची वेगळी इच्छा असेल तर ती आधीच बोलून दाखवावी. प्रसूतीच्या रात्री त्यावरून वाद नको.

वॉर्डमध्ये बाळ आईजवळच राहते. पहिल्या तासात अंगावर पाजायचे, गूळपाणी किंवा मध चाटवायचा नाही, बाळाला के जीवनसत्त्वाचे (व्हिटॅमिन के) इंजेक्शन आणि बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी या लसी मिळतात. किमान ४८ तास थांबायचे. घरी मुले आहेत, बकऱ्या आहेत, म्हणून बायका दुसऱ्याच सकाळी निघतात. ते दोन दिवस घर कोण सांभाळेल, हे भेटीहून परतताना गाडीतच ठरवून टाका.

नवजात बाळांचा काचेचा कक्षही लांबून दाखवावा. बाळ अडीच किलोपेक्षा बरेच कमी भरले किंवा त्याला श्वासाचा त्रास झाला तर तिथे ठेवतात. न पाहिलेल्या आईला वाटते, बाळ हिरावून नेले. पाहिलेल्या आईला ठाऊक असते की पाजायला आत जाता येते. ऑपरेशनबद्दल "पोट फाडतात" एवढेच ऐकलेले असते. ते केव्हा लागते, बाई किती दिवसांत उठते, हे डॉक्टरसाहेबांकडून दोन मिनिटांत ऐकवा. आणि रक्त लागले तर घरातले कोण देईल, ते त्याच दिवशी विचारा. पुरुष इथे मागे सरकतात, ते तिथेच बोलून मोकळे व्हावे.

खर्चाबद्दल स्पष्ट सांगा. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात प्रसूती, ऑपरेशन, औषधे, तपासण्या, रक्त हे सारे मोफत आहे. साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस आणि ऑपरेशननंतर ७ दिवस जेवण मिळते, आणि घरून नेणे, वरच्या दवाखान्यात हलवणे व परत सोडणे हेही फुकट आहे. जननी सुरक्षा योजनेचे पैसे खात्यात येतात, म्हणून पासबुक आणि आधारची झेरॉक्स कार्डासोबत एका पिशवीत ठेवा. त्याच पिशवीत धुतलेली जुनी सुती लुगडी, बाळाचे टोपडे, साबण आणि सैल पोलके. कोणी पैसे मागितले तर पावती मागावी, आणि तक्रार १०४ वर करता येते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने आदिवासींना विचारून दवाखाना बांधला, तेव्हा लोकांना मोठी इमारत नको होती, नातेवाइकांना सोबत राहता यावे असे हवे होते. म्हणून शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा आहे आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव आहे. आपल्याला सरकारी इमारत बदलता येत नाही. पण भेटीनंतर बायकांनी काय काय विचारले ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना लिहून देता येते. पडदा नाही, सिस्टरला कोरकू येत नाही, रात्री संडासात दिवा नाही, अशा गोष्टी लिहा. सिस्टरने "दुखते का", "जोर लाव", "थांब", "बाळ चांगले आहे" एवढी चार वाक्ये कोरकूत शिकली तरी प्रसूतिकक्ष अर्धा ओळखीचा होतो. ती लिहून द्यायचे काम आपल्या मंडळातल्या कोरकू भगिनींनी घ्यावे.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने आपल्या गावातल्या आठव्या महिन्यातल्या बायकांची नावे आणावीत, प्रत्येक नावापुढे प्रसूतीची जागा, ती जागा कोणी कोणी पाहिली, आणि रेंज कुठे येते हे लिहिलेले असावे. आणि घरातल्या सगळ्यांना हे पाठ असावे: अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, झटके येणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाची हालचाल कमी होणे. यांपैकी काहीही झाले तर कळांची वाट न पाहता निघायचे.