धरण पाहून ये

लातूर, १० ऑगस्ट

चि. ऋतुजास,


पिंकीच्या बाळाच्या बारशाला उदगीरला गेलो होतो. पंगतीत सुनील शेजारी बसला. म्हणाला, "मामा, ऋतुजाचं बरंय. जिल्हा माहिती कार्यालयात इंटर्नशिप. अकराला जायचं, प्रेसनोट मोबाइलकडून लिहून घ्यायची, चारला खोलीवर." सुनील तिखटमीठ लावून सांगतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तुझ्या बारावीच्या टक्क्यांचंही त्याने तेच केलं होतं. तरी माझं जेवणातलं लक्ष उडालं ते उडालंच.

विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची नोट तूच केलीस म्हणे. मग मला एवढंच सांग, धरण पाहिलंस का? तुझं विद्यापीठ विष्णुपुरीतच आहे गं. पाणी सोडल्यावर गोदावरी कशी फुगते ते गोवर्धन घाटावर जाऊन एकदा तरी पाहिलंस का?

माझा जन्म वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेला, म्हणून बोलतो. पाटबंधारेवाल्यांच्या कागदावर विसर्ग कधी क्युसेकमध्ये असतो, कधी क्युमेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. एकाच्या जागी दुसरं पडलं तरी वाक्य शुद्धच दिसतं, मोबाइलही मान डोलावतो. ज्याने पाणी चढताना पाहिलंय त्याचाच हात आकड्यापाशी अडतो. आणि नदीकाठच्या म्हाताऱ्याला क्युसेक घेऊन काय करायचंय? जनावरं आत्ता हलवायची की सकाळी, एवढं त्याला कळलं पाहिजे. ते तुझ्या नोटेत होतं का?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तू शाळेत होतीस. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरचे कॅमेरे स्टेशनात. आमच्या डेस्कवर मात्र फोन यायचे ते एकाच गोष्टीसाठी: आमच्या गल्लीत टँकर कधी? ज्या प्रेसनोटेत याचं उत्तर असे ती आम्ही काना-मात्रा न बदलता लावायचो. जिची सुरुवातच 'यांच्या शुभहस्ते' आणि पाठोपाठ सात मान्यवर, तिच्यावर कात्री. नावं घालावी लागतात, मला काय ते कळत नाही? शेवटी घाल, आणि फोटोओळीत डावीकडून नीट मोजून घाल, म्हणजे कुणी रुसत नाही.

कात्रणं चिकटवायचं काम देतात म्हणून कंटाळतेस, असंही कानावर आलं. अगं, खरी शिकवणी तीच. तू पाठवलेली नोट आणि दुसऱ्या दिवशीचं छापलेलं कात्रण शेजारीशेजारी ठेव. उपसंपादकाने कुठली ओळ खाल्ली, कुठली वर नेली, ते बघ. एवढं रोज केलंस तर मार्गदर्शक सरांनाही चार गोष्टी सांगशील. पण धरण पाहिल्याशिवाय नाही. नोटेवर तुझं नाव येत नाही, '(जिमाका)' एवढंच छापून येतं, हे मान्य. वाचणारा मात्र त्या कंसावर भरवसा ठेवून गुरं सोडतो.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. अक्षर चांगलं म्हणून मला गावांच्या याद्या उतरवायला बसवलं. दिवसभर नावं लिहायचो. किल्लारी, सास्तूर. लातूरहून तासा-दीड तासाची वाट. मदतीचे ट्रक तिकडे जात होते, मित्र चढले, मला हाका मारल्या. मी यादीत डोकं घालून बसलो. भीती वाटत होती. तुझ्या आईला हे आजवर सांगितलेलं नाही. पुढे दर सप्टेंबरला किल्लारीवर पुरवणी निघायची आणि माझी लेखणी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर चालायची. अजून खुपतं ते.

म्हणून रागावलो, दुसरं काही नाही. आणि खरं सांगू? तू आळशी नाहीस हे मला माहीत आहे. किराणा आणायला पाठवलं तर तोंडाने न बोलता चिठ्ठी पुढे करायचीस तू. आताही पाटबंधारेच्या साहेबांना फोन लावायचं जिवावर येतं, म्हणून मोबाइलला विचारत असशील. आधी प्रश्न कागदावर लिही, मग फोन कर. आवाज कापला तर कापू दे, समोरच्यालाही सवय असते. नाहीच जमलं तर मला लाव, मी तिकडचा साहेब होतो, तू विचार. दोन-चारदा केलं की बसते जीभ.

धरणावर एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घे, आणि पाण्याच्या फार जवळ उभी राहू नकोस. रिक्षाचे पैसे मी पाठवतो, आईला बोलू नकोस. मामीने येसर आणि धपाटे बांधून ठेवलेत, रविवारी सुनील नांदेडला येतोय, त्याच्याकडे देतो. त्याला सगळे खाऊ देऊ नकोस. आणि तुझं नाव नसलेलं का होईना, एखादं कात्रण मला पाठव, मी पाकिटात ठेवीन.

तुझा,
मामा