परदेशी नोकरी : व्हिसाच्या मुलाखतीपूर्वी

नोकरीच्या व्हिसासाठी वकिलातीत किंवा तिने नेमलेल्या केंद्रात बोलावणे आल्यास मूळ पासपोर्ट, छायाचित्रे व नोकरीचा करार बरोबर न्यावा. सर्व कागदांवर नाव व जन्मतारीख पासपोर्टप्रमाणेच असावी. मालक कोण, काम कोणते, पगार व मुदत किती, हे उमेदवारास स्वतः सांगता आले पाहिजे. दलालाने पढविलेली उत्तरे देऊ नयेत. करार वाचून समजून घ्यावा व त्याची एक प्रत घरी ठेवावी.

‘पर्यटक व्हिसावर जा, तेथे बदलून मिळेल’ असे कोणी सांगितल्यास साफ नकार द्यावा. अशा व्हिसावर काम करणे बेकायदेशीर ठरते आणि मजुरी बुडाल्यास दाद मागणे कठीण जाते.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा उत्प्रवासन तपासणीचा शेरा असतो. अशांना नोकरीसाठी आखाती देशांत जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. भरती करणाऱ्या एजंटाचे नोंदणीपत्र पाहावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

गावातील शिक्षकांनी व पंचायत कर्मचाऱ्यांनी जाणाऱ्यास करार वाचून दाखविला, तर एखादे कुटुंब कर्जाच्या खाईतून वाचू शकेल.