रात्रीची गळती आणि उडालेली झोप

प्रश्न : माझं वय ६२. कर्करोगामुळे ४ महिन्यांपूर्वी मूत्राशय काढून आतड्यापासून नवं बनवलं. दिवसा लघवीवर ताबा आलाय, पण रात्री अंथरूण ओलं होतं. त्या धास्तीनं झोपच लागत नाही. हे कायमचंच का?

उत्तर : सहसा नाही. आतड्याची पिशवी भरल्याची पूर्वीसारखी जाणीव होत नाही. शिवाय झोपेत लघवी रोखणारा स्नायू सैलावतो. म्हणून सध्या घड्याळावर विसंबा. झोपण्यापूर्वी लघवी पूर्ण करा, रात्री दर ३ तासांनी गजर लावून उठा. पिशवीची क्षमता वाढेल तसं हे अंतर डॉक्टरांना विचारून ४ तासांवर न्या. पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात दोन-अडीच लिटर प्याच. फक्त संध्याकाळनंतर कमी करा, रात्रीचा चहा टाळा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. रात्रीचा ताबा दिवसाच्या मागून येतो. त्याला वर्षभर, कधी जास्तही लागतं. काहींना थोडी गळती राहते. पॅड, रबरी चादर वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. मोडलेली झोप दुपारी थोडी भरून काढा. ताप, उलट्या किंवा लघवी अडल्यास मात्र लगेच युरॉलॉजिस्टना गाठा.