रावस

गोवंडीजवळ देवनारची कचराभूमी आहे. ती १९२७ सालापासूनची. तिच्या पलीकडे ठाण्याची खाडी. ट्रॉम्बेचे कोळी या खाडीत जाळी टाकतात. काठावर कोणी गळ टाकूनही बसतो. भरतीबरोबर कोळंबी आत येते आणि तिच्या मागे कधीकधी रावस येतो.

हॉटेलात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. खरा सॅल्मन थंड प्रदेशातला. रावस त्याच्या कुळातला नाही. रावसाच्या छातीखाली दोन्ही बाजूंना दोऱ्यासारखे चार-चार तंतू असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? या तंतूंनी चाचपून तो भक्ष्य शोधतो.

२०२२ साली या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही गळाला पुष्कळदा प्लास्टिकची पिशवीच लागते.

शब्दार्थ : गढूळ – मातकट, चाचपणे – स्पर्शाने शोधणे, भक्ष्य – खाद्य