पावसानंतर अडखळणारे इंजिन

जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन पावसानंतर अडखळते व तापल्यावर सुरळीत चालते, तेव्हा प्लगकडे जाणारी वीज बहुधा ओलाव्यातून वाटेतच गळत असते. इंजिन सुकले की दोष लपतो. म्हणून तपासणी ओल असतानाच करावी.

रात्री गाडी उघड्यावर उभी करावी. गिअर काढून, हातब्रेक लावून इंजिन चालू ठेवावे व अंधारात दुरून पाहावे. तारांवर किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर निळसर ठिणग्या दिसतील, तेथे गळती समजावी. चालू इंजिनाच्या तारांना हात लावू नये.

नंतर इंजिन बंद करून टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावी. टोपीस तडा किंवा केसासारखी काळी रेघ आढळल्यास केवळ पुसून भागत नाही; टोपी बदलावी. तडकलेल्या ताराही बदलाव्यात. तरीही दोष राहिल्यास पेट्रोलमध्ये पाणी शिरले आहे काय, हे पाहावे.