पत्र्यावर यंत्र बसवा, पण पाण्याला वाट देऊ नका

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागाची शेडे असोत की गावोगावची वेल्डिंगची, सुतारकामाची व फर्निचरची दुकाने असोत, आपल्या बहुतेक व्यावसायिकांच्या डोक्यावर पत्र्याचेच छप्पर असते. पूर्वी या छपरावर कोणी काही ठेवीत नसे. आता मात्र सौरऊर्जेचे पॅनेल, गरम हवा काढणारे फिरते पंखे, कूलर, पाण्याची टाकी असे सर्व काही पत्र्यावर चढू लागले आहे. विजेचा खर्च वाचतो, कामगाराला हवा मिळते, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु यंत्र बसवणारा माणूस निघून जातो आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर शेडमध्ये ठिकठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार आपण येथे करू.

नुकसान थेंबाएवढे नसते

आम्ही कापडाच्या धंद्यातले असल्याने उदाहरण कापडाचेच देतो. भोकातून उतरणारे पाणी गंज घेऊन खाली येते. ग्रे कापडाच्या ताक्यावर त्याचा तांबूस डाग पडतो. तो साध्या धुलाईने जात नाही. असे सुती कापड पेरॉक्साईडच्या ब्लीचिंगला गेले, तर डागातील लोखंडामुळे त्या जागी रासायनिक क्रिया जोरात होते, धागा कमजोर होतो आणि कापडाला भोक पडते. म्हणजे शेडमध्ये पडलेल्या थेंबाचे नुकसान प्रोसेस हाऊसमध्ये गेल्यावर उघड होते, आणि तोवर दोष कोणाचा यावर वाद सुरू झालेला असतो. शिवाय मजुरीवर माग चालवणाऱ्याकडचे सूत दुसऱ्याचे असते. ती अमानत आहे. मोटारीत किंवा स्विचच्या पेटीत पाणी गेले, तर जिवाचाही धोका आहे.

पहिला नियम : भार परलिनवर

पत्रा हा पाणी अडवण्यासाठी आहे, वजन पेलण्यासाठी नाही. वजन कैचीने व तिच्यावरील आडव्या परलिनने पेलायचे असते. एका मोठ्या सौर पॅनेलचे वजन सुमारे २५ ते ३० किलो असते, आणि वादळात वारा त्याला खालून उचलू पाहतो तो जोर वेगळाच. नुसत्या पत्र्यात स्क्रू मारलेला असेल, तर वाऱ्याच्या प्रत्येक झटक्याने भोक मोठे होत जाते. म्हणून बोल्ट परलिनमध्येच घट्ट बसला पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी जुनी कैची हे जादा वजन घेईल काय, हे जाणकार इंजिनियरकडून पाहून घ्यावे. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ती पत्र्यावर कधीही ठेवू नये. तिच्यासाठी जमिनीतून स्वतंत्र लोखंडी स्टँड उभा करावा.

दुसरा नियम : भोक उंचवट्यावर

पाणी पत्र्याच्या खोलगट भागातून वाहते. तेथे भोक पाडले, तर सारा पाऊस त्यावरून जातो. म्हणून भोक उंचवट्यावरच घ्यावे. मात्र उंचवट्याखाली पोकळी असते. बोल्ट फार आवळला तर पत्रा दबतो, खळगा पडतो आणि त्यात पाणी साचते. यावर उपाय असा की, बोल्ट खाली परलिनमध्ये पक्का करावा, स्टँडचा पाय त्याच बोल्टवर दोन नटांमध्ये पत्र्यापासून वर धरावा आणि पत्र्यावरचे रबरी वायसर पाणी अडेल इतपतच दाबावे. रबर कडेने फुगून बाहेर आले तर जास्त आवळले, हाताने फिरले तर कमी आवळले, असे समजावे. ज्या पत्र्याचे जोड उभ्या घडीचे असतात, त्याला घडीवर पकडणारे क्लॅम्प मिळतात. तेथे भोक पाडण्याची गरजच नाही.

तिसरा नियम : पत्रा हलतो हे विसरू नये

उन्हाने लोखंड वाढते. दहा मीटर लांबीचा पत्रा ४० अंश तापला तर जवळजवळ ५ मिलिमीटर लांबतो. अॅल्युमिनियमची पट्टी तेवढ्याच उष्णतेने ९ मिलिमीटरपर्यंत वाढते. म्हणून लांब पट्ट्या सलग न लावता मध्ये फट ठेवावी. नुसते डांबर किंवा सिमेंट थापल्यास ते या हालचालीने तडकते. ब्यूटाइलची चिकट पट्टी लवचिक राहते. सिलिकॉन घ्यायचे तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये, ते जस्ताचा थर खाते. पंख्याच्या मोटारीखाली रबराचे पॅड द्यावे.

पाइप, पंखा आणि वायर

पाइप पत्र्यातून न्यावाच लागला, तर त्याला रबराची टोपी लावावी. तिचा चौकोनी तळ तिरपा फिरवून, कोपरा आढ्याकडे करून बसवावा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाते. फिरता पंखा शक्यतो आढ्याजवळ बसवावा आणि त्याच्या तळपत्र्याची वरची कड आढ्याच्या टोपणाखाली सरकवावी. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर चढला पाहिजे, हे साधे तत्त्व आहे. वायर छपरातून न आणता भिंतीतून आत घ्यावी व आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथेच गळून पडेल.

भोके पाडल्यावर लोखंडाचा कीस लगेच झाडून काढावा, नाही तर तोच पत्र्यावर गंजतो. तांब्याच्या नळीचे पाणी जस्ताच्या पत्र्यावर सोडू नये, त्यानेही पत्रा सडतो. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांना भोक पाडू नये आणि त्यांवर चालूही नये. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते आणि ते पायाखाली अचानक फुटतात. लोखंडी पत्र्यावरही स्क्रूच्या रांगेवरूनच, म्हणजे परलिनवरूनच चालावे आणि कारागिराच्या कमरेला पट्टा असावा.

कराराचा मुद्दा

काम मे महिन्यातच उरकावे. नळीने पाणी सोडून तपासणी करावी : आधी खालच्या बाजूला, मग हळूहळू वर, म्हणजे गळती नेमकी कोठे आहे ते कळते. कोणते वायसर, किती बोल्ट, गळल्यास दुरुस्ती कोणाची, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. थोडी रक्कम पहिल्या पावसानंतर द्यायची असेल, तर तेही उघडपणे ठरवावे आणि काम चोख निघाल्यावर ती विनाविलंब द्यावी. ऐनवेळी मजुरी अडवणे हा व्यवहार नव्हे.

तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. पाच रुपयांचे वायसर वाचवून दुसऱ्याचे हजारो रुपयांचे सूत भिजवणारा माणूस काटकसरी ठरत नाही. तो अमानतीत बेपर्वाई करतो. यंदा मृगापूर्वी प्रत्येकाने एकदा आपल्या छपरावरचे बोल्ट तपासून घ्यावेत.